घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या गोळ्या – तुम्ही कसं सांभाळता?

दुपारचा_चहा | सोमवार, रात्री ११:४०

आत्ता सगळे झोपलेत म्हणून लिहायला बसले, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला. घरात सहा माणसं. अप्पा (सासरे) ७६, आई (सासूबाई) ७१, नवरा, मी, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ ची. आणि सहाच्या सहा जण रोज काही ना काही घेतात. परवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसून मोजलं तर दिवसाचे १७ डोस निघाले, वर आईंची आठवड्यातून एकदाची व्हिटॅमिन डी ची कॅप्सूल वेगळी.

सकाळी सहाला आईंची थायरॉइडची, उपाशीपोटी. त्यानंतर पाऊण तास चहा नाही आणि आईंना डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो, म्हणजे दिवसाची पहिली कुरबुर तिथेच. मग अप्पांची पोटाची, ती नाश्त्याआधी. मग आईंची साखरेची एक नाश्त्याच्या तोंडावर आणि दुसरी नाश्त्यानंतर. अप्पांच्या नाश्त्यानंतर तीन, बीपीची, हार्टची आणि पाण्याची (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी). मुलाला फिट्स यायच्या, आता गोळीवर दोन वर्षं आली नाहीये देवदयेने, पण ती बरोबर बारा तासांनी, एकही चुकवायची नाही. मुलीला दम्याचा पंप सकाळ-रात्र, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, नंतर चूळ. बाईसाहेब चूळ भरतात आणि गिळून टाकतात. आईंची कॅल्शियम सकाळी चालत नाही, थायरॉइडपासून चार तास लांब हवी, म्हणून दुपारी. अप्पांची अ‍ॅस्पिरिन जेवणानंतर, कोलेस्टेरॉलची रात्री, आईंची साखरेची परत रात्री. नवऱ्याला मागच्या दिवाळीत बीपी निघालं, त्याची एक. माझी लोहाची एक, जी चहाबरोबर चालत नाही, दुधाबरोबर चालत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा कशाबरोबरच जात नाही.

हे सगळं मी करत होते आणि मला वाटायचं जमतंय. गेल्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस सांगलीला गेले. जाताना आठवड्याचा डबा भरून ठेवला, नवऱ्याला सांगितलं कप्पा उघडायचा आणि द्यायचं. त्याने अगदी तसंच केलं. त्या दिवशी संकष्टी होती. आईंचा उपास. संकष्टीला त्यांची नाश्त्याआधीची साखरेची गोळी द्यायची नाही असं डॉक्टरांनी मला सांगितलेलं, मी दर संकष्टीला ती काढून ठेवते, इतकी सवय झालीय की हे सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही. साडेअकराला आईंना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. नशीब मुलगा घरी होता, त्याने फोन करून बाबांना ऑफिसमधून बोलावलं, शेजारच्या काकूंनी मशीन लावलं तर साखर ५४. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, तेव्हा कुठे वर आली. मी मंगलाष्टकांच्या मधे फोनवर.

नवऱ्याला ओरडले. मग दोन दिवसांनी लक्षात आलं की तो चुकलाच नव्हता, डबा मीच भरलेला.

तर प्रश्न. डबा, अ‍ॅप, तक्ता, तुम्ही काय वापरता? दुसरं, मुलाची गोळी डब्यात ठेवली की चिकट होते, का? आणि तिसरं असंच, अप्पांच्या पायांवर सूज यायला लागलीय, वजन दोन किलो वाढलंय. गोळ्या तर सगळ्या चालू आहेत, मी स्वतः हातावर देते. शनिवारी दाखवायचंय, डॉक्टर फोनवर म्हणाले बहुतेक पाण्याच्या गोळीचा डोस वाढवावा लागेल.

लिंबूसरबत | सोमवार, रात्री ११:५८

बापरे, वाचूनच दम लागला. आमच्याकडे तीनच पेशंट आणि २८ कप्प्यांचा डबा, रविवारी रात्री टीव्ही बघत भरते. मोबाईलवर अलार्म पण लावलेत, पण त्याचा अनुभव असा की बाबा अलार्म ऐकतात, बंद करतात आणि बंद केला म्हणजे गोळी घेतली असं त्यांना मनापासून वाटतं. नंतर विचारलं तर शपथेवर सांगतात घेतली म्हणून.

कोकणातला_केमिस्ट | मंगळवार, सकाळी ७:१५

तुमच्या मुलाची गोळी व्हॅल्प्रोएट असणार. ती हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून फॉइलमधून आधी काढून ठेवायचीच नाही, घ्यायच्या वेळी फोडायची. आमच्याकडे रत्नागिरीत जुलैमध्ये अशी काढून ठेवलेली गोळी संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटते. डब्यात ठेवायचीच असेल तर स्ट्रिप कात्रीने एकेक चौकोन कापून फॉइलसकट ठेवा. अप्पांच्या अ‍ॅस्पिरिनचंही तेच, दमट हवेत खराब झाली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, वास आला की फेकायची.

आता आलोच आहे तर काउंटरच्या या बाजूने चार गोष्टी सांगतो.

स्ट्रिप वापरताना तारखेच्या उलट्या टोकाकडून सुरू करा. लोक नेमकं तारखेचं टोक आधी फोडतात आणि मग सहा महिन्यांनी उरलेल्या तीन गोळ्या घेऊन विचारायला येतात, ही चालेल का हो. मला काय स्वप्न पडणार? १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडांना क्यूआर कोड सक्तीचा झालाय, त्यात तारीख, बॅच सगळं दिसतं, पण उरलेल्यांचं काय, आणि कापलेल्या तुकड्यावर तो कोड तरी राहतो का.

दुसरं, नावामागची शेपटी. एकाच नावाला पुढे एएम लागलं की त्यात अ‍ॅम्लोडिपिन (बीपीचंच आणखी एक औषध) आलं, एच लागलं की पाण्याची गोळी आली. फोनवर "नेहमीची बीपीची पाठवा" म्हणू नका, जुन्या स्ट्रिपचा फोटो पाठवा.

तिसरं, एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेली गोळी चावायची, कुटायची नाही. ती दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते, पूड केली की सगळं एकदम पोटात. आणि मुलाच्या फिट्सच्या गोळीचा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, दुकानदार कितीही म्हणाला सेमच आहे तरी. मीही म्हणालो तरी.

चार म्हणालो होतो, चौथी विसरलो. गिऱ्हाईक आलं.

परसबाग | मंगळवार, सकाळी १०:०२

सगळं वाचलं. नवरा काय करतो हा प्रश्न मी विचारणार नाही असं ठरवलं होतं.

दुपारचा_चहा | मंगळवार, सकाळी १०:२०

@परसबाग, विचारलासच की :) करतो गं तो. बिलं तो भरतो, औषधं तोच आणतो, अप्पांना दवाखान्यात तोच नेतो. पण कुठली कोणाची, कधी, का, हे त्याला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर मी सांगितलंही नाही कधी. सांगत बसण्यापेक्षा देऊन मोकळं व्हावं असं होतं.

@केमिस्टदादा, फार आभार. आजच कापून ठेवल्या.

संत्र्याची_साल | मंगळवार, दुपारी १:३०

डब्याबद्दल एक सांगते, घाबरवायला नाही पण माहीत असलेलं बरं. आमच्या मावशीला संधिवात, मेथोट्रेक्सेट चालू होती. ही गोळी आठवड्यातून एकदा असते नं, रोज नाही. मावशी वर्षानुवर्षं स्वतःच घ्यायची, घरात नावच होतं "रविवारची गोळी". मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसत नाही म्हणून भावाने मोठ्या हौसेने नवा डबा आणला आणि सगळ्या स्ट्रिपा उघडून सातही सकाळींमध्ये एकेक टाकली. मावशीला हातावर मिळेल ते ती गिळत होती, डोळ्यांना पट्टी. नवव्या दिवशी तोंडभर फोड, पाणी गिळवेना, ताप. रक्त तपासलं तर पेशी पार खाली. बारा दिवस अ‍ॅडमिट होती, वाचली बाप्पा कशीबशी.

चिठ्ठी खरी होती, गोळी खरी होती, डबा पण चांगला महागातला होता. तुमच्या आईंची डी ची कॅप्सूल म्हणाल्या नं आठवड्याची, ६०,००० वाली असेल, ती पण डब्यात नका टाकू. आम्ही आता आठवड्याच्या औषधाला देवघराजवळ वेगळी वाटी ठेवतो.

आणि ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांना, आमच्या नागपुरात मे मध्ये ४५ च्या वर जातं, लाइट जास्त वेळ गेली की फ्रिज कोमट. वापरातली शीशी माठाजवळ ओल्या फडक्याच्या भांड्यात ठेवतो, वरून झाकण, शीशीला पाणी लागू द्यायचं नाही. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही, एकदा गोठलं की फेकायचं. गाडीत तर ठेवूच नका, इन्सुलिन पण नाही, पंप पण नाही.

लिंबूसरबत | मंगळवार, दुपारी १:४४

अंगावर काटा आला. आत्ता उठून डबा बघून आले.

पलीकडचा_किनारा | मंगळवार, रात्री ८:१०

न्यू जर्सीहून. इकडे फार्मसीला सांगितलं तर दर वेळेच्या गोळ्या एका छोट्या पाकिटात भरून, वर दिवस आणि वेळ छापून देतात, पाकिटांची माळच येते. आईबाबा सहा महिन्यांसाठी आले की त्यांचा याच्याशी काही संबंध नसतो, कारण ते अख्ख्या सहा महिन्यांची औषधं भारतातून बॅगेत घेऊन येतात. एक बॅग औषधं, एक बॅग भाजणी आणि मेतकूट.

तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून आणा, आपला ब्रँड इथल्या डॉक्टरला कळत नाही. आणि पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. माझ्या बाबांनी तापाला स्वतःची भारतातली गोळी घेतली आणि वर मी दुकानातून आणलेलं सर्दीचं औषध, दोन्हीत तेच. दोन दिवस डबल डोस चालला होता आणि आम्ही दोघं खूश की उतार पडतोय.

बाकी इथल्या बाटल्यांची झाकणं लहान मुलांना उघडू नयेत अशी असतात. संधिवात असलेल्या आईला ती अजिबात उघडत नाहीत, माझा पाच वर्षांचा मुलगा तिला उघडून देतो.

निसर्गवाट | मंगळवार, रात्री ९:००

एवढ्या केमिकलच्या गोळ्या! त्यापेक्षा रोज सकाळी ज्येष्ठमध, सुंठ, तुळस यांचा काढा घरातल्या सगळ्यांना सुरू करा. सहा महिन्यांत निम्म्या गोळ्या सुटतील. अनुभव आहे.

कोकणातला_केमिस्ट | मंगळवार, रात्री ९:२५

सुंठ-तुळशीवर माझं काही म्हणणं नाही, पण ज्येष्ठमध अप्पांना अजिबात नको. रोज घेतलं तर बीपी वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. पाण्याची गोळीही बहुतेकदा पोटॅशियम बाहेर काढते. हार्टच्या पेशंटला दोन्ही एकदम म्हणजे आगीत तेल. आणि फिट्सच्या मुलाला काढ्यावर ठेवून गोळी बंद करायचा विचारसुद्धा कोणी करू नये, एकदम बंद केली की फिट्स थांबत नाहीत अशी वेळ येऊ शकते.

निसर्गवाट | मंगळवार, रात्री ९:३१

मी गोळ्या बंद करा म्हटलंच नव्हतं. असो. इथे काही बोलायची सोय नाही.

निवृत्त_पण_जागृत | बुधवार, सकाळी ५:५०

सूनबाई, मी ७४ वर्षांचा आहे, तुमच्या अप्पांच्या बाजूचा. दोन प्रश्न विचारतो. अप्पा सकाळी फिरायला जातात का? आणि पाण्याची गोळी तुम्ही त्याआधी देता का?

त्या गोळीने तासाभरात लघवीला पळावं लागतं आणि मग दोन-तीन तास दर वीस मिनिटांनी. बाहेर सोय कुठे असते? मी वर्षभर ती गोळी गालात धरून ठेवायचो आणि बायको वळली की खिशात. धोतर नेसत असतो तर एवढंही जमलं नसतं. गोळी हातावर ठेवून माणूस समोर उभा राहतो ना, तेव्हा आपण शाळेत असल्यासारखं वाटतं, त्यामुळे फसवायला जरा मजाही येते. चूक होती ती, पायावर सूज येऊन दवाखाना पाहिला तेव्हा उतरली मजा.

त्यांना रागावू नका. फक्त कुंड्या बघा.

परसबाग | बुधवार, सकाळी ९:१५

काका 😂 कुंड्या का?

निवृत्त_पण_जागृत | बुधवार, सकाळी ९:१७

खिसा धुवायला जातो.

दुपारचा_चहा | गुरुवार, रात्री १०:५०

काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

काल सकाळी तुमचा प्रतिसाद ऑफिसला जाताना बसमध्ये वाचला आणि मी तर चिडले होते, म्हटलं आमचे अप्पा शिस्तीचे, पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नोकरी, ते असलं काही करणार नाहीत. संध्याकाळी घरी आले, चप्पल काढली, आणि पहिली गॅलरीत गेले. तुळस दोन महिने खंगत होती, आईंनी तीनदा खत घातलं होतं. चमच्याने वरची माती उकरली. पांढऱ्या पिठाचे ठिपके, गाठी गाठी. आणि कडेला दोन अख्ख्या, फुगून दुप्पट झालेल्या, त्यावर मधली रेघ अजून दिसत होती.

मी तशीच तिथे उकिडवी बसून राहिले. मागे अप्पा. त्यांच्या हातात पेपर. काही बोललेच नाहीत आधी, मग म्हणाले, "सगळ्या नाही टाकल्या. रविवारच्या घेतो." (रविवारी त्यांचा कट्टा भरत नाही.)

मग हळूहळू निघालं सगळं. साडेआठ ते दहा जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकावर पाच जण बसतात, त्यातला एक जण मार्चमध्ये गेला, चारच उरलेत. गोळी घेतली की अर्ध्यातून उठून यावं लागतं, दोनदा वाटेत कपडे खराब झाले. हे त्यांनी कोणाला सांगायचं, मला? आईंना सुद्धा सांगितलं नव्हतं. मी रोज पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी आणि मला वाटायचं मी किती काटेकोर आहे.

आणि शनिवारी डॉक्टर डोस वाढवणार होते. न घेतलेल्या गोळीचा.

संत्र्याची_साल | गुरुवार, रात्री ११:०५

कसं नं, रडू आलं आणि हसू पण. डॉक्टरांना खरं सांगा हं, अप्पांच्या समोर सांगा पण अप्पांना सांगू द्या.

लिंबूसरबत | शुक्रवार, सकाळी ८:३०

आमचे बाबा काल रात्री आपणहून म्हणाले की अलार्म बंद करून ते कधीकधी विसरतात. मी हा धागा मोठ्याने वाचत होते म्हणून असेल.

खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, आम्ही बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या जनऔषधी केंद्रातून घेतो डॉक्टरांना विचारून, महिन्याचं बिल निम्म्याखाली आलंय. एकच झालं, गोळीचा रंग बदलला. आई नावं वाचत नाही, तिचं सगळं "गुलाबी सकाळी, पिवळी रात्री" असं. नवी गुलाबी निघाली कोलेस्टेरॉलची. आठवडाभर उलटसुलट चाललं होतं. आता दर वेळी नवी स्ट्रिप आली की जुनीच्या शेजारी ठेवून तिला दाखवते.

कोकणातला_केमिस्ट | शुक्रवार, सकाळी ८:५२

चौथी आठवली! चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक हे बहुतेकांना माहीत असतं, पण एसओएस म्हणजे गरज पडली तरच, आणि एचएस म्हणजे झोपताना. एसओएस लिहिलेली दुखण्याची गोळी लोक महिनाभर रोज घेतात. हार्टच्या आणि पाण्याच्या गोळीवाल्यांनी दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नका, त्याने अंगात पाणी साठतं, किडनीवर येतं.

दुपारचा_चहा | पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

शनिवारचं सांगायचं राहिलं होतं, मुलीला सर्दी झाली त्यात दिवस गेले.

अप्पांनी स्वतः सांगितलं डॉक्टरांना. मान खाली घालून, मुलगा मार्कशीट दाखवतो तसं. डॉक्टर हसले नाहीत की रागावले नाहीत, म्हणाले डोस आहे तोच ठेवू, फक्त सकाळी आठला नको, कट्ट्यावरून आल्यावर साडेदहाला घ्या. एवढंच. आणि रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून लिहायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. अप्पांनी पाटबंधारे खात्याच्या जुन्या डायरीत रकाने आखलेत. तारीख, वजन, शेरा. शेरा रोज "समाधानकारक". आज सकाळी सूज बरीच उतरलेली दिसली.

आता साडेदहाला मी घरी नसते, त्यामुळे ती गोळी आपोआप अप्पांची अप्पांकडे गेली. मी समोर उभी राहत नाही. खरं सांगू तर पहिले दोन दिवस ऑफिसात साडेदहाला माझाच जीव खाली-वर.

रविवारी नवऱ्याला बसवलं. तक्ता मी करणार नाही, तू कर म्हटलं. त्याने सगळ्या स्ट्रिपा जमिनीवर मांडल्या आणि एकेक उचलून विचारत गेला, ही कोणाची, किती वाजता, कशासाठी, कधी द्यायची नाही. हा "कधी द्यायची नाही" चा रकाना त्याने स्वतःच्या डोक्याने काढला, आईंच्या संकष्टीनंतर. त्यात आता संकष्टी, एकादशी, उलट्या-जुलाब असं काय काय आहे, आणि प्रत्येकापुढे डॉक्टरांना विचारून उत्तर लिहायचं बाकी आहे. अडीच तास लागले. अप्पांची पोटाची गोळी कशासाठी हे मलाच सांगता येईना, मला वाटायचं अ‍ॅसिडिटीची, सवयीची पडलीय. डॉक्टरांना मेसेज केला तर म्हणाले, या वयात रोज अ‍ॅस्पिरिन आहे, पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून, बंद करू नका. तीन वर्षं देतेय मी ती.

त्याचं अक्षर भयंकर आहे, पण तक्ता फ्रिजवर लागलाय. मुलाने खाली स्वतःचं नाव आणि त्याच्यापुढे दोन चौकोन काढलेत, गोळी घेतली की स्वतः बरोबरची खूण करतो. मुलीलाही चौकोन पाहिजेत, तिने आजच्या दिवसात सात खुणा केल्यात.

@परसबाग, तू व्यक्तिगत निरोपात विचारलंस ते इथेच सांगते, हो, माझी लोहाची दुपारी ऑफिसात लिंबूपाण्याबरोबर घेते. पाच दिवसांत तीनदा.

तुळशीचं विचारणाऱ्यांसाठी, माती पूर्ण बदलली, खालच्या फांदीला दोन पानं फुटलीत. शेजारच्या मोगऱ्याची कुंडी अजून उकरून बघितली नाहीये.